हिरवं काय आणलंय?

आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये डबा उघडायला धाडस लागायचं. डोंबिवलीतलं ज्युनिअर कॉलेज ते. मी तिथं मराठी शिकवायचे आणि सर जीवशास्त्र. मधल्या सुट्टीत स्वतःचा डबा उघडण्याआधी सर सगळ्यांच्या डब्यांवरून एक फेरी मारायचे. हात मागे बांधलेले, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि प्रत्येकाला तोच प्रश्न, "हिरवं काय आणलंय?"

माझ्या डब्यात बटाट्याच्या काचऱ्या दिसल्या की ते नुसतं "हं" म्हणायचे. वाईट रिपोर्ट वाचून डॉक्टर म्हणतात तसं. एकदा मी मोठ्या उत्साहानं भेंडी दाखवली.

"ते फळ आहे," सर म्हणाले. "मी पानाबद्दल विचारतोय."

दुसऱ्या दिवशी कोबी नेला. कोबी तरी पान असतंच की. सरांनी वाकून पाहिलं. "पान आहे, पण उजेड न पाहिलेलं. पांढरंफटक. ते बिचारं तुम्हाला काय देणार?"

फिजिक्सला एक नवीन मुलगा लागला होता, कल्याणचा. वयानं आमच्या विद्यार्थ्यांपेक्षा फार मोठा वाटायचा नाही, आणि भीती नावाची गोष्ट त्याला ठाऊक नव्हती. पहिल्याच आठवड्यात त्यानं कागदातला वडापाव सरांपुढे धरला. "सर, आतली चटणी ग्रीन आहे. चालेल ना?"

"ती कोथिंबीर म्हणजे लग्नातल्या अक्षता," सर म्हणाले. "समारंभाला ठीक. पोटाला नाही."

सगळे हसले. सरही हसले, आणि तिथंच उभे राहून वडापाव थंड होईपर्यंत त्याला पालकातल्या फोलेटबद्दल सांगत राहिले.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर सर मूर्ख नव्हते. मूर्ख असते तर आमचं काम सोपं झालं असतं. ते उत्तम शिकवायचे. माठाचं पान खिडकीच्या उजेडात धरून शिरांचं जाळं असं दाखवायचे की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा मोबाइल खाली ठेवत. पानाच्या पाठीवरची सूक्ष्म तोंडं कधी उघडतात, कधी मिटतात, हे सांगताना स्वतःचं तोंड उघडून मिटून दाखवायचे. भाजी आधी धुवा, मग चिरा, नाहीतर जीवनसत्त्वं मोरीत जातात. लोखंड अंगी लागायचं तर वर लिंबू पिळा, जेवणावर लगेच चहा ढोसू नका. फोडणीला तेल हवंच, नाहीतर पानातलं 'अ' जीवनसत्त्व नुसतं आलं तसं जातं. हे सगळं खरं होतं. सरांचं निम्मं बोलणं खरं असायचं, आणि उरलेलं निम्मं ते त्याच आवाजात बोलायचे.

उदाहरणार्थ, हिरवं रक्त. "हरितद्रव्य आणि तुमचं हिमोग्लोबिन यांची रचना शेजारी शेजारी काढून बघा," ते सांगायचे. "इथं मधोमध मॅग्नेशियम, तिथं लोखंड. बाकी भाऊ-भाऊ. पान म्हणजे हिरवं रक्त."

फिजिक्सच्या मुलानं विचारलं, "मग सर, पोटात गेल्यावर ते मॅग्नेशियम काढून लोखंड कोण बसवतं?"

"प्रश्न चांगला आहे," सर म्हणाले, आणि मेथीच्या मुळांवरच्या गाठींबद्दल बोलू लागले.

अळूचा प्रसंग आमच्या कॉलेजात अजून सांगतात. श्रावणात स्टाफचं एकत्र जेवण होतं. प्रत्येकानं घरून एक पदार्थ आणायचा. सरांनी अळूचं फदफदं आणलं, स्वतः केलेलं, पातेलंभर. झाकण काढलं तेव्हा आम्ही चकित झालो. अळू शिजल्यावर जो शेवाळी रंग येतो तो नव्हता. पोपटाच्या पंखासारखं हिरवंगार.

"रहस्य सांगू?" सर म्हणाले. "चिंच घातलेली नाही. आंबटानं हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम निघून जातं आणि रंग मरतो. पिढ्यान् पिढ्या आपण मेलेलं अळू खातोय."

प्राचार्यांनी मानानं पहिली वाटी घेतली. मग आम्ही. पहिल्या दोन घासांत काही जाणवलं नाही. त्यानंतर प्राचार्यांनी वाटी खाली ठेवली आणि गळ्याला हात लावला. केमिस्ट्रीच्या मॅडम पाण्याकडे धावल्या. पाण्यानं काही होईना. कुणी ताक मागतंय, कुणी गूळ, कुणी नुसतंच जीभ बाहेर काढून उभं. सरांचेही डोळे वाहत होते. त्यांनी रुमालानं ते पुसले, घोगऱ्या आवाजात "एक मिनिट" म्हणाले, आणि फळ्याकडे गेले. तिथं त्यांनी अळूच्या पेशीतले सुईसारखे स्फटिक काढून दाखवले. कॅल्शिअम ऑक्झलेट. सुया घशात टोचतात म्हणून खाज येते.

"हे बारावीला आहे," ते म्हणाले. "आज तुम्ही सगळ्यांनी ते प्रत्यक्ष अनुभवलंत."

प्राचार्यांचं भाषण त्या दिवशी झालं नाही. त्याबद्दल बऱ्याच जणांनी सरांना मनातल्या मनात माफ केलं.

मला त्या दिवशी राहून राहून एकाच गोष्टीचं नवल वाटत होतं. त्या सुया त्यांना माहीत होत्या. वर्षानुवर्षं फळ्यावर काढत होते. स्वतःच्या पातेल्यात मात्र त्या त्यांना दिसल्या नाहीत.

पुढं त्यांना मूतखडा झाला. रोज सकाळी कच्च्या पालकाचा ग्लासभर रस पिणाऱ्या माणसाला तो होऊ शकतो, असं डॉक्टरांनी सांगितलं, पुन्हा ऑक्झलेटच. सरांनी दोष टँकरच्या पाण्याला दिला. सोसायटीच्या सभेत त्यावर बोलले, आणि पालक सोडून राजगिऱ्यावर आले. त्यातही तेच असतं, हे त्यांना सांगायची आमच्यात कुणाची हिंमत नव्हती. आणि तो त्यांचा खडा होता. माणसानं स्वतःच्या खड्याचं काय करावं हा त्याचा प्रश्न.

वहिनींचं तसं नव्हतं.

वहिनी म्हणजे सरांच्या पत्नी. ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातल्या. सर मूळचे साताऱ्याकडचे, शिकायला ठाण्यात आलेले, तिथं दोघांचं जमलं. ती पोस्टात नोकरीला, हा झाडपाल्याच्या मागे. लग्नाला दोन्ही घरांचा विरोध होता, आणि दोन्हीकडचं कारण एकच, मासे. घरात मासे येणार नाहीत, ही सरांची अट. वहिनींनी ती मान्य केली आणि दर रविवारी भावाकडे जेवायला जायचं ठेवलं. सर ठाकुर्लीच्या घरात एकटे मेथी निवडत बसायचे. संसार असा छान चालला होता.

लहानपणी वहिनींना ताप येऊन सांधे धरले होते. त्यातून हृदयाची एक झडप खराब होत गेली. पन्नाशीत ती बदलून धातूची बसवावी लागली. धातूच्या झडपेवर रक्त गोठू नये म्हणून आयुष्यभर रक्त पातळ ठेवायची गोळी, आणि ते हवं तेवढंच पातळ आहे ना हे बघायला वरचेवर रक्ततपासणी. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं, "पालेभाजी खा. पण रोज साधारण तेवढीच. एकदम वाढवायची नाही, एकदम सोडायची नाही."

सरांनी यातलं "पालेभाजी खा" एवढं ऐकलं.

शिवाय कुठंतरी त्यांनी वाचलं की ही गोळी उंदीर मारायच्या औषधाच्या जातीची आहे. ते त्यांना सोसलं नाही. बायको उंदराच्या औषधावर जगणार? मग त्यांनी रस सुरू केला. मेथी, राजगिरा, मुळ्याचा पाला, शेवग्याची पानं. कल्याणच्या मार्केटमधून स्वतः जुड्या आणायचे, भाजीवाल्याला पाणी मारू नको म्हणून सुनवायचे, पानांच्या पाठी भिंगानं तपासायचे. रिपोर्ट आला की रक्त हवं तेवढं पातळ नाही. डॉक्टर गोळी वाढवायचे. सरांना वाटायचं, अंगात ताकद कमी आहे. ते रस वाढवायचे. डॉक्टर विचारायचे, "खाण्यात काही बदल?" वहिनी तोंड उघडायच्या आत सर म्हणायचे, "घरचं साधं जेवण, डॉक्टर."

हे सगळं मला त्या दिवशी कळलं ज्या दिवशी सरांना परीक्षेची ड्युटी लागली. "तुमच्या वहिनींना तेवढं ठाण्याला डॉक्टरांकडे नेऊन आणाल का?" असं त्यांनी मला विचारलं. आम्ही ठाकुर्लीहून टॅक्सी केली. शीळफाट्याला गाडी अडकली ती अडकलीच. पुढे कंटेनर, मागे कंटेनर. वहिनी खिडकीतून बाहेर बघत सहज बोलाव्यात तशा बोलल्या.

"परवा हातातून ग्लास पडला गं माझ्या."

"पडतो कधी कधी."

"तसं नाही. हात होता, पण पकड नव्हती. आणि ह्यांना सांगायला गेले तर शब्दच येईना. म्हणजे काय म्हणायचंय ते माहितेय, पण तोंडात भलतंच. थोड्या वेळानं झालं नीट."

"सर काय म्हणाले?"

"म्हणाले, अशक्तपणा. आता संध्याकाळी पण ग्लास देतात."

"कसला ग्लास?"

मग त्यांनी रसाची सगळी हकिकत सांगितली. मला वैद्यकातलं काही कळत नाही. पण हातातली पकड आणि तोंडातला शब्द एकाच वेळी जाणं म्हणजे काय, हे माझ्या वडिलांना झालेल्या पक्षाघातामुळे मला माहीत होतं.

"वहिनी, हे डॉक्टरांना सांगायचं. दोन्ही. हातही आणि ग्लासही."

"ह्यांना आवडायचं नाही."

"ते आज पेपर गोळा करतायत."

त्या जरा हसल्या. गाडी सुटली तेव्हा म्हणाल्या, "सांगते."

त्यांनी सांगितलं. डॉक्टर लिहीत होते ते थांबले. पेन खाली ठेवलं आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. कुठला पाला, किती, कधीपासून. मग म्हणाले, "घरी नाही जायचं. ॲडमिट व्हा. आणि रस एकदम बंदही करायचा नाही, त्या रसावरच गोळी वाढवत गेलोय आपण. सगळं हळूहळू उतरवावं लागेल." माझ्याकडे वळून म्हणाले, "गुठळी छोटी होती, निघून गेली असं दिसतंय. पुढची छोटी असेल असं कुणी सांगू शकत नाही."

सर संध्याकाळी हॉस्पिटलमध्ये आले. शर्टाच्या खिशाला लाल शाईचे पेन तसेच. डॉक्टर काय म्हणाले ते मी सांगायला लागले, तेवढ्यात वहिनींनी हात वर करून मला थांबवलं. त्या उशीला टेकून बसल्या होत्या.

"तुम्ही मुलांना शिकवता ना, रक्त कशानं गोठतं," त्या म्हणाल्या. "कुठलं व्हिटॅमिन?"

"के," सर म्हणाले. शिक्षकाला विचारलं की उत्तर येतंच.

"ते कशात असतं?"

सरांचं तोंड उघडलं. त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी नीट पाहिलं, आणि खरं सांगते, त्या वेळी मला त्यांची थट्टा सुचली नाही.

"हिरव्या पाल्यात," ते म्हणाले.

शेजारच्या कॉटवरच्या बाईंचा टीव्ही चालू होता. सर खुर्चीवर बसले, उठले, पुन्हा बसले. थोड्या वेळानं म्हणाले, "पण त्यात लोहही..." आणि थांबले.

हॉस्पिटलमधून वहिनी ठाकुर्लीला गेल्या नाहीत, चेंदणीला भावाकडे गेल्या. भांडण नाही, रडारड नाही. "रिपोर्ट सरळ आला की बघू," एवढंच म्हणाल्या. कोळीवाड्यात त्या दोन वेळ भात आणि म्हावऱ्याचं आंबट जेवायच्या, आणि दुपारी एक लहान वाटी माठ. रोज तीच वाटी, रोज तेवढाच. रिपोर्ट हळूहळू सरळ येऊ लागले.

इकडे स्टाफरूममध्ये कुणाच्या डब्यावर कुणी वाकेना. आम्ही बिनधास्त साबुदाणा, बटाटा, मॅगी खाऊ लागलो, आणि दोन-तीन दिवसांत कंटाळलो. फिजिक्सच्या मुलानं एकदा स्वतः उठून सरांना डबा दाखवला. "सर, आज मेथीचा पराठा आहे."

"छान," सर म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांच्या स्वतःच्या डब्यात त्या दिवशी ब्रेड होता.

शेवटी ते चेंदणीला गेले. हे वहिनींनीच मला नंतर सांगितलं. दारात दोरीवर बोंबील वाळत होते. सर त्यांना चुकवून, खांदे आक्रसून आत आले. वहिनींचा धाकटा भाऊ जेवायला बसायच्या तयारीत होता.

"बसा भावजी," तो म्हणाला. "म्हावरं हाय. तुमचेसाठी डाळ टाकतंय."

सर बसले. बायकोच्या ताटाकडे बघत राहिले. माठाची वाटी बघून म्हणाले, "हे कोण ठरवतं?"

"मी," वहिनी म्हणाल्या.

"देठ जून आहेत."

"असूदेत."

डाळभात खाऊन झाल्यावर त्यांनी विचारलं, घरी कधी येणार. वहिनी म्हणाल्या, "येईन. माझ्या ताटात काय पडेल ते मी ठरवणार. आणि डॉक्टरांसमोर माझं तोंड मी उघडणार. आणि रविवारचं म्हावरं आता ठाकुर्लीलाच होईल, सारखी ये-जा मला झेपत नाही." सरांनी पहिल्या दोन अटींना मान डोलावली. तिसरीपाशी जरा थांबले. भाऊ म्हणाला, "खिडक्या उघड्या ठेवा भावजी, वास जातंय." मग त्यांनी तिसरीलाही मान डोलावली.

माणूस बदलला असं वाटत असेल तर थांबा. सरांसारखी माणसं मत बदलतात, आवाज बदलत नाहीत. वहिनी घरी आल्या त्याच आठवड्यात सरांनी स्टाफरूममध्ये फेरी सुरू केली. आता प्रश्न नवा. "काल किती खाल्ली होतीत? आज तेवढीच आहे का?" पालेभाजीत सातत्य हवं, हे जणू त्यांनीच शोधून काढलं होतं. केमिस्ट्रीच्या मॅडमना त्यांनी शेपू जास्त घेतला म्हणून टोकलं. मॅडमना कसलीही गोळी चालू नव्हती.

निवृत्तीनंतर त्यांना व्याख्यानांची बोलावणी येऊ लागली. ठाण्यात टेंभी नाक्याजवळच्या एका हॉलमध्ये ज्येष्ठ नागरिकांपुढे ते पालेभाज्यांवर बोलणार होते. वहिनींनी मला फोन केला, "ये गं, मला सोबत." आम्ही दोघी पहिल्या रांगेत.

सर रंगात आले. हिरवं रक्त झालं, लिंबू झालं, फोडणी झाली. मग ते गंभीर झाले. "आता एक सावध करणारी गोष्ट. माझ्या माहितीतल्या एक बाई. हृदयाची झडप बदललेली, रक्त पातळ करायची गोळी चालू. घरच्यांनी त्यांना पाल्याचे रस पाजले, ग्लासच्या ग्लास. के जीवनसत्त्वानं गोळी निकामी केली. मोठं संकट ओढवलं. अज्ञान, दुसरं काय? घरात कुणी जाणकार नव्हतं."

मी वहिनींकडे पाहिलं. त्या समोर बघत होत्या. पर्सचा बंद त्यांनी बोटाला गुंडाळला होता.

प्रश्नोत्तरांत मागून एक आजोबा उठले. "मग त्या बाईंचं काय झालं?"

सरांनी पाण्याचा पेला उचलला. तेवढ्यात वहिनी बसल्या जागेवरून मागे वळून म्हणाल्या, "बऱ्या आहेत. तेवढीच वाटी खातात रोज."

"तुमच्या ओळखीच्या?"

"हो. घरातल्याच."

दोघं-तिघं हसले. बाकीच्यांना काही कळलं नाही. सरांनी पेला खाली ठेवला आणि माइक जवळ ओढला.

"एक दुरुस्ती," ते म्हणाले. "त्या घरात जाणकार होता. एम.एस्सी. बॉटनी. रस त्यानंच काढले."

मग तिसऱ्या रांगेतल्या एका बाईंनी संकोचून हात वर केला. "सर, मलाही तीच गोळी आहे. मी मेथी किती खाऊ?"

या प्रश्नाची तर सरांनी जन्मभर वाट पाहिली होती. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"मला माहीत नाही," ते म्हणाले. "तुमच्या डॉक्टरांना विचारा. आणि विचारताना मिस्टरांना बाहेर बसवा."

वहिनींनी बोटाचा बंद सोडवला आणि चपला पायांनी चाचपल्या. "चल," त्या मला हळूच म्हणाल्या, "आता चहा मिळेल."